टिमोलॉल लिहिण्याआधी

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. सातपुड्याच्या पायथ्याशी ग्रामीण रुग्णालयात रुजू होऊन महिना होत नाही तोच डोळ्याचा दाब वाढून २८ झालेल्या एका गृहस्थांना तो उतरवणारे टिमोलॉलचे थेंब सुरू करताना तुझा हात थबकला आणि हे थेंब त्यांना द्यावेत का, असे तू मला विचारलेस, याचे मला समाधान वाटले. तुला पडलेली शंका योग्य जागी पडली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही शिकत होतो तेव्हा काचबिंदूवर, म्हणजे डोळ्यातल्या दाबाने नस खराब होऊन नजर जाण्याच्या आजारावर, मुख्य भिस्त पिलोकार्पिनवर असे. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, बाहुली आकसायची, भुवईपाशी दुखायचे आणि मोतीबिंदूही असलेल्या माणसाला भर उन्हातसुद्धा अंधारल्यासारखे वाटायचे. १९७८ च्या सुमारास टिमोलॉल वापरात आले आणि हे सारे बदलले. डोळ्यातील द्रव जिथे तयार होतो त्या सिलिअरी बॉडीतील बीटा रिसेप्टर, म्हणजे शरीराचे संदेश झेलणारी ठिकाणे, अडवून ते हा द्रवच कमी करते. बाहुलीला हात लावत नाही, दाब साधारण २० ते २५ टक्क्यांनी उतरवते आणि आजही स्वस्तात मिळते. केळीचा भाव पडला की औषध बंद करणारी माणसे तुझ्या रांगेत असणार आहेत, तेव्हा हा शेवटचा गुण लहान समजू नकोस.

पण हे औषध डोळ्यात राहत नाही. ०.५ टक्के टिमोलॉलच्या एका थेंबात जेमतेम पाव मिलिग्रॅम औषध असते. तो थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तेथील अस्तरातून थेट रक्तात जातो. गोळी पोटातून जाताना यकृत तिचा बराच भाग निकामी करते. थेंबाच्या वाटेवर आधी यकृत लागत नाही. म्हणून मात्रा नगण्य दिसली तरी फुप्फुसाला आणि हृदयाला ती जाणवते.

हे मी पुस्तकात वाचलेले होते, तरीही माझ्या हातून चूक झाली. रावेरकडच्या एका केळी बागायतदारांच्या आईला मी टिमोलॉल लिहिले. लिहिण्याआधी ‘दमा आहे का?’ असे विचारले आणि त्यांनी नाही म्हणून सांगितले. त्या खोटे बोलत नव्हत्या. दर हिवाळ्यात रात्री उठून बसावे लागते त्याला त्या ‘धाप’ म्हणत, आणि दमा हा त्यांच्या लेखी दुसराच, मोठ्या माणसांचा आजार होता. तिसऱ्या रात्री त्यांचा श्वास कोंडला. गावातल्या डॉक्टरांनी कोणते औषध चालू आहे हे विचारले, तेव्हा घरच्यांनी गोळ्यांची सारी पाकिटे पुढे ठेवली. बाटलीचा उल्लेख कोणी केला नाही, कारण ‘डोयामा टाकानं’, म्हणजे डोळ्यात घालायचे, औषध हेही औषधात धरायचे असते, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. त्या बचावल्या. त्याचे श्रेय त्या गावच्या डॉक्टरांचे. माझ्याकडे फक्त चूक राहिली.

त्यानंतर मी प्रश्न बदलला. थंडीत रात्री उठून बसावे लागते का, छातीत घरघर होते का, तोंडाने ओढायचा पंप कधी कोणी दिला होता का, कापसाच्या जिनिंगमध्ये किती वर्षे काम केले, चुलीपुढे किती. असे विचारत गेले की दमा आपोआप सापडतो. दमा किंवा जुना श्वासरोग असेल तर टिमोलॉल लिहायचेच नाही. याच जातीचे बीटॅक्सोलॉल फुप्फुसाला त्या मानाने सौम्य आहे हे खरे. पण सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे, आणि ते दाबही थोडा कमीच उतरवते.

दुसरी गोष्ट नाडीची. आपण डोळ्यांचे डॉक्टर डोळा तपासायच्या यंत्रामागे, स्लिट लॅम्पमागे, बसलो की मनगट धरायचे विसरतो. नाडी ६० च्या खाली असेल, चक्कर येऊन पडल्याचा इतिहास असेल, तर ईसीजी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. हार्ट ब्लॉक (हृदयातील विजेचा संदेश अडणे) किंवा आटोक्यात नसलेले हार्ट फेल्युअर (हृदय कमजोर पडणे) असेल तर हा थेंब वर्ज्य आहे. रक्तदाबासाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा व्हेरापामिल चालू असेल, तर तीही नाडी मंदावतात आणि तुझा थेंब त्यात भर घालतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना मुद्दाम सांग की साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर या औषधाने झाकली जाऊ शकते, मात्र घाम फुटतो. त्याकडे लक्ष ठेवायचे.

आता थेंब घालण्याविषयी. पहिला थेंब तुझ्यासमोर, त्यांच्याच हाताने घालून घे. खालची पापणी ओढून झालेल्या खोबणीत एकच थेंब. दुसरा मावत नाही, गालावर ओघळतो. मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन-तीन मिनिटे हलका दाब द्यायचा. एवढ्याने नाकात उतरणारे औषध बरेच कमी होते आणि डोळ्याला अधिक मिळते. दुसरे कोणते थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ देत. सकाळ-संध्याकाळ ही नेहमीची वेळ. दिवसातून एकदाच द्यायचे ठरले तर ते सकाळी दे, कारण झोपेत डोळ्यातील द्रव मुळातच कमी तयार होतो आणि तेव्हा टिमोलॉलला फारसे काम उरत नाही.

पाच मिलिलिटरची बाटली दोन्ही डोळ्यांत दोनदा घातली तर सुमारे महिनाभर पुरते, आणि उघडल्यावर महिन्याने ती टाकायचीच असते. तीच बाटली तीन महिन्यांनी कोणी दाखवली, तर औषध बदलण्याआधी घरी काय चालले आहे ते विचार. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा पत्र्याच्या घरात ती फळीवर ठेवू नका, माठाजवळच्या कोनाड्यात ठेवा, असेही सांग.

सर्वांत जास्त वेळ मात्र एका शब्दाला द्यावा लागेल. मोतीबिंदू आणि काचबिंदू, दोन्ही ‘बिंदू’च, त्यामुळे हाही पिकेल, मग ऑपरेशन करू आणि दिसू लागेल, अशी लोकांची समजूत असते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, थेंब फक्त उरलेली राखतात, आणि म्हणून थेंबांनी जास्त दिसू लागले नाही तरी ते सोडायचे नाहीत, हे दर भेटीत नव्याने सांगावे लागते. तीन-चार आठवड्यांनी दाब पुन्हा मोज. पुढेही मोजत राहा, कारण काहींच्या बाबतीत महिन्यांनी औषधाचा जोर ओसरतो.

तुझ्या त्या गृहस्थांच्या डोळ्याची नस आणि व्हिज्युअल फील्ड, म्हणजे नजरेचा आवाका, अजून चांगले असतील, तर तो काचबिंदू नव्हे, केवळ वाढलेला दाब आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात अशा लोकांपैकी थेंब न घेणाऱ्या ९.५ टक्क्यांना आणि घेणाऱ्या ४.४ टक्क्यांना पाच वर्षांत काचबिंदू झाला. म्हणजे थेंबांचा उपयोग निश्चित आहे, पण प्रत्येकाला त्यांची गरज असतेच असे नाही. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी मोजून घे. जाड कॉर्नियात दाबाचा आकडा फुगून दिसतो.

पत्रात तू त्यांचे वय लिहिलेस, दोन्ही डोळ्यांचा दाब लिहिलास, डिस्कचे, म्हणजे नसेच्या डोळ्यातील टोकाचे, चित्रही काढून पाठवलेस. नाडी लिहिलेली नाहीस. सोमवारी ते येतील तेव्हा आधी मनगट धर, थंडीतल्या रात्रींविषयी विचार, आणि मला कळव, मग ०.२५ टक्के की ०.५, हे आपण फोनवर ठरवू.

तुझे सर