सत्तावन्न हजार फोटो, तीन आण्यांत

प्रश्न : परवा नातवाला पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात नेलं. त्यानं विचारलं, “टीव्ही नव्हता, मग सिनेमाची जाहिरात कशी करायचे?” मी निरुत्तर! – एक आजोबा, पंचवटी

उत्तर : आजोबा, त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेबांना गिऱ्हाईक बरोबर कळत होतं. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे सुरतेत मात्र प्रेक्षक फिरकेनात. दोन आण्यांत रात्रभर नाटक मिळत असताना दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण मोजणार? तेव्हा त्यांनी जाहिरात काढली : ५७ हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत! गोष्ट, नटमंडळी राहू द्या बाजूला. माल मोजून दाखवला, पेठेतल्या दुकानदारासारखा. गर्दी लोटली म्हणतात.

आता गंमत. एका फुटात १६ चित्रं बसतात, म्हणजे ५७ हजारांची फिल्म साधारण ३,५६० फूट. मैल ५,२८० फुटांचा. दोन सोडाच, एक मैलही पुरा भरत नाही! नातवाला हा भागाकार करायला लावा. आणि हो, त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड घेऊन नाशकात आले, पुढचे चित्रपट इथेच काढले.