खिडकीला कल्हई?

प्रश्न असा: ‘सोसायटीत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. ठेकेदार म्हणतो, ॲनोडायझिंग म्हणजे ॲल्युमिनियमची कल्हईच. हे बरोबर आहे का?’

नाही. हल्ली पावडर कोटिंगलाही कल्हई म्हणतात, आणि ऐकून माझं डोकं उठतं. कल्हई म्हणजे परक्या धातूचा, कथलाचा थर. पातेलं तापवायचं, नवसागर भुरभुरवायचा, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने फिरवायचं. नवसागर तांब्यावरचं ऑक्साइड काढतो म्हणून कथील धरतं. ॲल्युमिनियमवरचं ऑक्साइड खरवडलं तरी हवा लागताच परत येतं. तिथे कल्हईवाल्याने हात टेकले. ॲनोडायझिंगमध्ये ते काढत नाहीत, उलट वाढवतात. पट्टी गंधकाम्लात बुडवून धनाग्राला जोडली की काही नॅनोमीटरचा उपजत थर १०-२० मायक्रॉनचा होतो. तो धातूच्या अंगातूनच उगवतो, त्यामुळे ‘कोटिंग मारलंय’ हेही चूक. क्रोमेट आणखी निराळं: विजेशिवाय, नुसतं द्रावणात बुडवून येणारा सोनेरी पापुद्रा. मल्टिमीटर लावून बघा, क्रोमेटमधून वीज जाते म्हणून तिथे वाजतो, ॲनोडायझिंगवर मुका राहतो.

असो. खरी गंमत ‘कल्हई’त आहे. हा अरबी ‘क़लई’, म्हणजे कथील. आता काही पंडित त्याला थेट ‘क़ला’शी, म्हणजे आपल्या किल्ल्याशी जोडतात. किल्ल्याचा आणि कथलाचा संबंध काय, हे विचारलं की गप्प. जुने अरब भूगोलकार मलायाच्या किनाऱ्यावरच्या ‘कलह’ नावाच्या बंदराचं आणि तिथल्या कथलाच्या खाणींचं वर्णन करतात. बरेच जण ते आजचं मलेशियातलं केदाह मानतात. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने हा धागा पकडला, पण ‘निदान शक्य तरी आहे’ एवढंच म्हणून हात आखडता घेतला. का, तर दोन्ही शब्दांची पहिली आणि शेवटची अक्षरं अरबीत वेगळी! अहो, परमुलखातलं नाव दहा खलाशांनी दहा प्रकारे उच्चारलं तर बिघडलं कुठे? मुंबईचं बॉम्बे झालंच ना? पोर्तुगीजांनीही कथलाला ‘कलाइं’ म्हटलं. माल जिथून आला त्या गावाचं नाव मालाला चिकटलं, एवढं साधं आहे.

आणि मराठीतला तो ‘ल्ह’? हिंदीत नुसती ‘कलई’. माझा लाडका तर्क असा, की अरबीतला घशातून येणारा ‘ऐन’ आपल्याकडे ‘ह’ होऊन टिकला. कोशकार यावर नाक मुरडतील. मुरडोत.

हं, तुमची खिडकी. ॲनोडायझिंगच म्हणा. ‘धनाग्रीकरण’ म्हटलंत तर ठेकेदार जादा पैसे लावेल. शिवाय कल्हई उडते. ॲनोडायझिंगचा थर तसा उडत नाही, घासून झिजवावा लागतो.