वडिलांनी जमवलेली चारशे जुनी कार मासिकं: ठेवू, देऊ की रद्दीत घालू?

तुमचा प्रश्न मला असा समजला: वडील गेल्यावर त्यांची सुमारे चारशे कार मासिकं तुमच्याकडे आली. 1970च्या दशकापासून 2005पर्यंतची, तीन-चार निरनिराळ्या नावांची. तुम्हाला स्वतःला गाड्यांचं वेड नाही, जागा कमी आहे आणि रद्दीत घालायला मन धजत नाही.

पुढचे पंधरा दिवस काही देऊ नका, विकू नका, कापू नका. फक्त यादी करा.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो त्याला कारण आहे. माझ्याकडे सहाशेच्या आसपास अंक होते. घर बदलताना त्यातले निम्मे मी एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकले, यादी न करता, गठ्ठेच्या गठ्ठे. दोनेक वर्षांनी एक जुनी सेडान मूळ रूपात आणण्यासाठी धडपडणाऱ्या एका गृहस्थांनी मला विचारलं, मागच्या सीटच्या कापडाचा फोटो कुठे मिळेल का? तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर लख्ख होता. डावं पान, झाडाखाली उभी हिरवी गाडी, मागचं दार उघडं. पण अंक कोणता, साल कोणतं, तो माझ्याकडे राहिला की गेला, काहीच सांगता येईना. तीन रविवार मी उरलेले अंक चाळले. फोटो सापडला नाही. त्यांनी शेवटी अंदाजानं कापड निवडलं. ती गोष्ट मला अजून लागून राहिली आहे.

यादी म्हणजे फार काही नाही. एका अंकाला एक ओळ: मुखपृष्ठावर छापलेलं नाव, महिना, साल, आत कोणत्या गाड्यांच्या रोड टेस्ट, म्हणजे रस्त्यावर चालवून घेतलेल्या चाचण्या, आहेत, पुरवणी किंवा पोस्टर जागेवर आहे का, पान फाटलेलं आहे का. एका अंकाला दोन मिनिटं धरली तर चारशे अंकांचे साधारण तेरा तास होतात. रोज तास दिला तर दोन आठवड्यांत काम उरकतं. सोबत प्रत्येक अंकाच्या अनुक्रमणिकेचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. पुढे कुणीही काहीही विचारलं तरी गठ्ठा न उचलता उत्तर देता येतं.

नाव छापलंय तसंच लिहा असं मी म्हटलं, कारण मासिकांची नावं बदलत गेली आहेत. आज ‘कार अँड ड्रायव्हर’ म्हणून माहीत असलेलं मासिक 1955मध्ये ‘स्पोर्ट्स कार्स इलस्ट्रेटेड’ या नावानं निघालं आणि नवं नाव त्याला 1961मध्ये मिळालं. ब्रिटनचं ‘मोटर’ हे साप्ताहिक 1988मध्ये ‘ऑटोकार’मध्ये विलीन झालं आणि काही वर्षं मुखपृष्ठावर दोन्ही नावं एकत्र येत होती. ‘हे सगळं एकच आहे’ असं समजून एका नावाखाली ढकललंत, तर संच पुरा आहे की तुटका ते कळणार नाही. महिन्याचंही तसंच. अनेक मासिकं मुखपृष्ठावर येणाऱ्या महिन्याचं नाव टाकून आधीच बाजारात येतात, आणि आतली चाचणी त्याच्याही आधी झालेली असते. डिसेंबरच्या अंकात दिसणारी गाडी डिसेंबरमधली नसते. मॉडेलमध्ये वर्षाच्या मध्येच बदल झाला असेल, तर हा फरक नेमका महत्त्वाचा ठरतो.

आता या गठ्ठ्यात खरं मोल कशाला आहे ते सांगतो. इथे बहुतेकांची चूक होते.

मुखपृष्ठावर लाल स्पोर्ट्स कार असलेला अंक लोक बाजूला काढतात आणि साध्या कौटुंबिक गाडीचा अंक रद्दीच्या ढिगात टाकतात. माझा सल्ला उलटा आहे. नामांकित गाड्यांवर पुस्तकं आहेत, त्यांचा प्रत्येक स्क्रू कुणीतरी नोंदवून ठेवलाय. रोज कामावर जाणारी, मुलांना शाळेत सोडणारी साधी चारदारी गाडी मात्र लाखांनी बनली, लाखांनी भंगारात गेली आणि तिच्याबद्दल कुणी काही जपलं नाही. तिचा आरसा कोणत्या आकाराचा होता, कोणत्या वर्षी हबकॅप, म्हणजे चाकांच्या मधली झाकणं, बदलल्या, महागड्या आवृत्तीच्या डॅशबोर्डवर घड्याळ कुठे होतं, हे बऱ्याचदा जुन्या मासिकातच सापडतं. कंपनीच्या माहितीपत्रकात गाडी कंपनीला दाखवायची तशी दिसते, काही वेळा प्रत्यक्ष विक्रीला येण्याआधीची. चाचणीच्या फोटोत ती रस्त्यावर धुळीत उभी असते.

त्यामुळे मागची पानं नीट बघा. नव्या गाड्यांच्या किमतींचे तक्ते, वापरलेल्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती, टायर आणि तेलाच्या जाहिराती, वाचकांची पत्रं. सहा महिने किंवा वर्षभर गाडी वापरून लिहिलेले दीर्घ अहवाल तर मला सगळ्यांत मोलाचे वाटतात, कारण गिअर कधी अडकायला लागला, गंज आधी कुठे धरला, क्लच किती अंतरावर गेला, हे तिथेच लिहिलेलं असतं. चार दिवसांच्या चाचणीत यातलं काही कळत नाही.

चाचण्यांचे आकडे मात्र साक्ष म्हणून वाचावेत, निकाल म्हणून नव्हे. 1961मध्ये जग्वार ई-टाइप ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आली तेव्हा ‘ऑटोकार’च्या चाचणीत तिनं ताशी 150 मैल गाठले आणि त्या आकड्यावर तिची कीर्ती उभी राहिली. पण नियतकालिकांना दिलेल्या त्या गाड्या खास तयार केलेल्या होत्या; ग्राहकाच्या हाती आलेल्या गाडीला तो वेग सहसा जमत नसे. 1964मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’नं अमेरिकन पाँटिॲक जीटीओ आणि इटालियन फेरारी जीटीओ या गाड्यांची तुलना छापली. मुखपृष्ठावरचं दोन्ही गाड्यांचं ते प्रसिद्ध दृश्य रंगवलेलं चित्र होतं, कारण दोन्ही गाड्या समोरासमोर आल्याच नव्हत्या. वेगानं सगळ्यांना चकित करणाऱ्या त्या पाँटिॲकमध्ये नेहमीच्या 389 घन इंचांच्या इंजिनाऐवजी 421चं बसवलं होतं, हे पुढे बऱ्याच वर्षांनी तेव्हा पाँटिॲकच्या जाहिरातीचं काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनीच कबूल केलं. म्हणून तो अंक निरुपयोगी ठरत नाही. उलट तो आणि नंतरची कबुली शेजारी ठेवून वाचली की त्या काळचा मोटारधंदा कसा चालायचा ते समजतं.

आणि दुसऱ्या बाजूचंही एक उदाहरण. 1997च्या ऑक्टोबरमध्ये ‘टेक्निकेन्स व्हॅर्ल्ड’ या स्वीडिश नियतकालिकाच्या चाचणीत मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली. अचानक रस्त्यात आलेल्या मोठ्या जनावराला चुकवायची ती चाचणी. कंपनीला विक्री थांबवावी लागली आणि गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा त्या छोट्या गाडीत सगळ्यांसाठी बसवावी लागली. एका नियतकालिकाच्या चाचणीमुळे हे घडलं. तुमच्या गठ्ठ्यात 1997-98चे अंक असतील तर तो वाद त्या-त्या महिन्यात कसा रंगत गेला ते वाचायला मिळेल, आणि मागाहून लिहिलेल्या लेखात ती धग नसते.

यादी करताना वडिलांच्या खुणाही शोधा. पेन्सिलीची रेघ, दुमडलेला कोपरा, पानांत ठेवलेली पावती, समासातलं हिशेबाचं गणित. मला माझ्या काकांच्या एका अंकात दोन गाड्यांच्या किमतींची वजाबाकी सापडली होती, आणि त्यांनी शेवटी तिसरीच गाडी का घेतली ते मला तेव्हा उमगलं. असे अंक तुम्ही स्वतःकडे ठेवा, मग ते किती का साधे असेनात. तीस-चाळीस अंक एका फळीवर मावतात. तुमच्यासाठी खरा संग्रह तेवढाच.

खराब अंकांचा निकाल मात्र लवकर लावा. ज्याला कुबट वास येतो, ज्यावर बुरशीचे ठिपके आहेत, तो बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा. बुरशी पसरते आणि तिची धूळ छातीला वाईट. चकचकीत पानांवर चिनी मातीसारख्या पांढऱ्या मातीचा थर असतो. पाणी लागून तो वाळला की पानं विटेसारखी चिकटतात आणि मग ती सहसा सुटत नाहीत. माझे अकरा अंक एका गळक्या खिडकीखाली असेच गेले. ओले असतानाच एकेक पान सुटं करून हवेवर ठेवलं असतं तर वाचले असते. तेवढा वेळ हाताशी नसेल तर ओला अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचा, म्हणजे पानं चिकटण्याआधी सवड मिळते. चिकटून विटा झालेले अंक ठेवू नका.

जे ठेवाल ते कोरड्या, थंड जागी ठेवा. माळा नको, तळघर नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको. हवेतली आर्द्रता 30 ते 50 टक्क्यांत राहिली तर उत्तम. 65च्या वर गेली की बुरशीचं फावतं. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, कालांतरानं त्या चिकट होतात आणि शाई ओढतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरच्या चालतात. पिना गंजल्या असतील तर हलक्या हातानं सरळ करून काढा. गंजाचा डाग कागदात उतरला की निघत नाही. डिंकानं बांधलेले जाड अंक सपाट उघडून दाबू नका, पाठ तडकते.

द्यायचे कुणाला? एका विशिष्ट मॉडेलच्या मालकांचे संघ जगभर आहेत आणि माझ्या मते तुमच्या अंकांचं खरं घर तिथेच आहे. त्यांना ‘चारशे मासिकं हवीत का’ असं विचाराल तर कुणी उत्तर देणार नाही. ‘तुमच्या गाडीची रोड टेस्ट असलेले हे सात अंक माझ्याकडे आहेत’ असं विचारा, त्याच दिवशी निरोप येईल. यादीचं मोल इथे कळतं. ग्रंथालयांचंही तसंच. मोटारींच्या इतिहासाला वाहिलेले मोठे संग्रह आहेत, जसा ब्रिटनमधल्या ब्यूली इथल्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयाचा किंवा डेट्रॉईट सार्वजनिक ग्रंथालयाचा. पण अशा ठिकाणी नेहमीचे अंक बहुधा असतातच; त्यांना हवे असतात ते मधले हरवलेले. आधी यादी पाठवा आणि त्यांनी मागितले तेवढेच द्या. न विचारता खोकी पाठवणं म्हणजे त्यांच्यावर निवडीचं ओझं टाकणं.

विक्रीतून मोठी रक्कम येईल असं धरून चालू नका. पहिला अंक, सलग पूर्ण वर्षं, पुरवणीसकट असलेले खास अंक यांना मागणी असते. सुट्या अंकांना क्वचित. वर्षाचे बारा अंक पूर्ण असतील तर ते कधीच फोडू नका.

जाहिराती कापून चौकटीत लावायची कल्पना तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. दिसतं सुंदर, पण त्या जाहिरातीच्या पाठीमागच्या पानावर कुणाच्या तरी गाडीचे मोजमापांचे तक्ते असतात. कापायचंच तर एकाच अंकाच्या जादा प्रती किंवा आधीच फाटलेले अंक कापा.

सगळे स्कॅन करायचा विचार असेल तर आधी हिशेब करा. अंकाला 120 पानं धरली तर 48,000 पानं होतात. पानाला अर्धा मिनिट म्हणजे 400 तास. निवडक लेख मात्र जरूर करा. मजकुराला 300 डीपीआय (स्कॅनच्या बारकाईचं माप) पुरतं, फोटोंना 600 ठेवा, आणि छापील फोटोंवर जाळी उमटत असेल तर स्कॅनरमधला डीस्क्रीनचा पर्याय वापरा. ते सगळ्यांसाठी खुले करून टाकण्याआधी थांबा: लेखक, छायाचित्रकार आणि प्रकाशक यांचे हक्क वेगवेगळे असू शकतात आणि 1970नंतरच्या अंकांवर ते बहुतेक शाबूत असतात.

शेवटी बांधणीचं. 80 ग्रॅमचा ए-4 आकाराचा एक कागद 5 ग्रॅम भरतो. 120 पानी अंकात कागद साठ, म्हणजे 300 ग्रॅम. तुमचे चारशे अंक 120 किलोच्या घरात जातात. मोठ्या खोक्यात भराल तर तळ फाटेल आणि तुमची पाठही धरेल. लहान, जाड खोकी घ्या, एकात पन्नासपेक्षा जास्त अंक नकोत, आडवे रचा, दर दहा अंकांनंतर अंकांच्या पाठीची (पानं जोडलेली असतात ती) बाजू उलटी करा म्हणजे ढीग कलत नाही. दोरी थेट अंकांना बांधू नका, कडा कापल्या जातात. आणि प्रत्येक खोक्यावर बाहेरून, जाड पेनानं, नाव आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत ते लिहून ठेवा.