मुलीला शाळेतल्या समुपदेशकाकडे पाठवलंय, म्हणजे आता नेमकं काय होणार?

तुम्ही लिहिलंय की आठवीतल्या मुलीला वर्गशिक्षिकांनी समुपदेशकाकडे पाठवायचं ठरवलं आहे, तशी चिठ्ठी घरी आली आहे आणि तेव्हापासून घरात सगळेच अस्वस्थ आहेत. हा माणूस शाळेत नक्की करतो काय, मुलीच्या नावावर काही शिक्का बसेल का, आणि आत झालेलं बोलणं आईवडिलांना कळेल की नाही, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी बरीच वर्षं शाळेत समुपदेशक म्हणून काम करते आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

शिक्क्याची भीती आधी मनातून काढून टाका. समुपदेशक आजाराचं निदान करत नाही आणि औषधही देत नाही. ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं. आमच्या खोलीत येणारी बहुतेक मुलं अगदी नेहमीच्या कारणांनी येतात. जिवलग मैत्रिणीने बोलणं टाकलंय, परीक्षेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, घरात कुणीतरी गेलंय, आईबाबा वेगळे होणार आहेत, शाळा नवीन आहे आणि डबा खायला सोबत कुणी नाही. यातलं काहीच आजार नाही. पण यातल्या कशानेही मुलाचं वर्गातलं लक्ष उडतं, आणि शिक्षकांना दिसतं ते फक्त उडालेलं लक्ष.

मग आम्ही करतो काय? व्याख्या सांगण्यापेक्षा एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एका मुलाचं सारखं पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. शिक्षकांचं मत झालं की पोरगं नाटकं करतंय. माझ्याकडे पाठवताना सांगण्यात आलं, ‘याला जरा समजावा.’ मी त्याला काहीच समजावलं नाही. आधी आजारी मुलांच्या खोलीतली नोंदवही मागवली आणि तो कोणत्या दिवशी, कितव्या तासाला तिथे गेला ते वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहिलं. बहुतेक नोंदी भाषेच्या तासाच्या होत्या. मग त्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. बाई ओळीने एकेकाला उभं करून परिच्छेद वाचायला लावत होत्या. त्याच्या दोन बाकं आधीपर्यंत वाचन आलं तेव्हा त्याने पोटावर हात ठेवला. ते दुखणं खोटं नव्हतं. भीतीने पोटात खरोखरच कळ येते.

पुढचं काम माझ्या खोलीबाहेर झालं. बाईंशी बोलून ठरवलं की त्याला कोणता परिच्छेद वाचायचा आहे ते आदल्या दिवशी सांगायचं, म्हणजे तो घरून तयारी करून येईल. पालकांना बोलावून वाचनाच्या अडचणीची रीतसर चाचणी तज्ज्ञांकडून करून घ्यायला सुचवलं. त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं, निघाली, मग परीक्षेत जास्तीचा वेळ मिळावा म्हणून मुख्याध्यापकांकडे पाठपुरावा केला. मुलाशी माझं बोलणं चालूच होतं. श्वास कसा सावरायचा, अडलं तर बाईंना काय सांगायचं, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. पण खरं सांगायचं तर त्याच्या बरं वाटण्यात माझ्या बोलण्याचा वाटा लहान आणि बाईंनी बदललेल्या पद्धतीचा मोठा होता.

शाळेतल्या समुपदेशकाचं वेगळेपण मला यातच वाटतं. बाहेरच्या तज्ज्ञाला मूल आठवड्यातून एक तास दिसतं, तेही त्याच्या खोलीत. आम्हाला ते मधल्या सुट्टीत, जिन्यात, वर्गात, स्नेहसंमेलनाच्या तालमीत दिसतं, आणि त्याच्या भोवतीच्या मोठ्या माणसांशी आमची रोजची गाठ असते. त्यामुळे कामाचा निम्मा भाग त्या मोठ्यांशी बोलण्याचा असतो. मुलाला ‘सरळ करून’ परत पाठवायचं, ही अपेक्षा घेऊन बरेच जण आमच्याकडे येतात, आणि ती मोडून काढणं हीसुद्धा आमचीच जबाबदारी आहे.

अनेकांना वाटतं की समुपदेशक म्हणजे दहावीनंतर कुठली शाखा घ्यायची ते सांगणारा. हे अगदीच चुकीचं नाही, कारण या कामाची सुरुवात तिथूनच झाली. १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं केंद्र सुरू केलं. स्वतःला नीट ओळखा, कामधंद्यांची खरी माहिती घ्या आणि मग दोन्हींचा मेळ घाला, ही त्यांची मांडणी आजही उपयोगी पडते. १९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा जगातला पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यावर अमेरिका खडबडून जागी झाली आणि दुसऱ्याच वर्षी केलेल्या शिक्षणविषयक कायद्यात शाळांमधल्या मार्गदर्शकांसाठी पैशाची तरतूद झाली. हेतू हा की विज्ञानात चमकतील अशी मुलं लवकर हेरावीत. म्हणजे तेव्हा काळजी देशाच्या गरजेची होती. मूल स्वतः काय सोसतंय याकडे लक्ष वळलं त्यात कार्ल रॉजर्स यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांचा मोठा हात आहे. समोरच्याला न जोखता ऐकणं, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि आपण खोटं न वागणं, या त्यांच्या तीन गोष्टींवर आमचं प्रशिक्षण आजही उभं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न: आतलं बोलणं बाहेर जातं का?

पहिल्याच भेटीत, मूल काही सांगायच्या आधी, मी हे स्पष्ट करते. ‘तू इथे जे बोलशील ते माझ्याजवळ राहील. फक्त तीन बाबतींत मला दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागेल. तुझ्या जिवाला तुझ्याकडून धोका असेल तर. तुला कुणी इजा करत असेल किंवा तू कुणाला करशील असं वाटलं तर. आणि कायद्याने मला सांगणं भाग पडलं तर. तेव्हाही मी आधी तुला सांगेन, मगच बाहेर बोलेन.’ लहान मुलांना हेच सोप्या शब्दांत सांगते. मुलांना या मर्यादा खटकत नाहीत. ‘कुण्णाकुण्णाला सांगणार नाही’ असं वचन देऊन नंतर ते मोडलं, तर मात्र ती कधीच माफ करत नाहीत.

मुलं आधी परीक्षा घेतात, हे तुम्ही लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. पहिल्या भेटीत सांगितलेली गोष्ट सहसा खरी गोष्ट नसतेच. ती किरकोळ असते: मला विज्ञानाचे सर आवडत नाहीत, मैत्रिणीने माझी वही हरवली. मग मूल वाट बघतं. ही गोष्ट सरांच्या तोंडून परत येते का? रात्री जेवताना आई म्हणते का, ‘अगं, वहीवरून भांडलीस म्हणे’? आली तर दार बंद झालं, आणि मागे जे मोठं होतं ते तसंच आत राहिलं. म्हणून तुम्ही मला विचारलंत की ‘काय म्हणाली?’, तर मी शब्दशः सांगणार नाही, आणि त्याचा राग मानू नका. तिला कशाचा त्रास होतोय, घरी काय केलं तर तो कमी होईल, काय टाळावं, हे मात्र तुम्हाला जरूर कळायला हवं. चांगला समुपदेशक ते तुमच्या मुलीला विचारून, कित्येकदा तिला शेजारी बसवूनच सांगतो. ‘हे तू सांगतेस की मी सांगू? कोणत्या शब्दांत सांगू?’ हा प्रश्न मी वारंवार विचारते, आणि बहुतेक मुली विचार करून म्हणतात, ‘तुम्ही सुरुवात करा, पुढचं मी सांगते.’

आत गेल्यावर काय बोलतात, तेही थोडं सांगते, कारण पालकांच्या डोळ्यासमोर एकतर प्रवचन असतं नाहीतर उलटतपासणी. एक साधा प्रश्न आम्ही खूप वापरतो. ‘शून्य म्हणजे सगळ्यात वाईट आणि दहा म्हणजे एकदम मस्त, तर आज तू कुठे आहेस?’ मूल म्हणतं, तीन. मोठ्या माणसाला लगेच वाटतं की विचारावं, ‘तीनच का?’ आम्ही विचारतो, ‘तीन? मग एक का नाही?’ आता मुलाला शोधावं लागतं की काय अजून बरं चाललंय. ‘एक नाही, कारण गाण्याचा तास आवडतो.’ ‘चारवर गेलीस तर काय वेगळं असेल?’ ‘डबा खाताना कुणीतरी शेजारी असेल.’ पुढच्या आठवड्याचं काम तिथे ठरलं, आणि ते तिनेच ठरवलं.

एक अवघड विषय टाळून पुढे जाता येणार नाही. मुलाच्या बोलण्यात, निबंधात, चित्रात जीव नकोसा झाल्याची खूण दिसली तर आम्ही आडवळणाने विचारत नाही. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ, शांतपणे विचारतो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे; उलट कुणीतरी विचारलं याचंच अनेकांना हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर मुलाला एकटं सोडत नाही, त्याच दिवशी पालकांना बोलावतो, घरातल्या धोकादायक वस्तू आणि औषधं कुलपात ठेवायला सांगतो आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. तेव्हा गोपनीयतेचा प्रश्नच येत नाही. असा फोन तुम्हाला कधी आला, तर कृपा करून ‘नाटक करते’ म्हणू नका आणि ‘उद्या येतो’ही म्हणू नका.

जे आमचं काम नाही तेही सांगते, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. शिक्षा देणं आमचं काम नाही. चोरी कुणी केली ते मुलांकडून वदवून घेणं नाही. शिक्षक रजेवर असले की वर्ग सांभाळणं, परीक्षेच्या उत्तरपत्रिका मोजणं हेही नाही, पण पुष्कळ शाळांत नेमकं हेच गळ्यात पडतं. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत आणि त्याचा ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कामात जावा, अशी शिफारस करते. हजारभर मुलांमागे एक समुपदेशक असला की तो फक्त आग लागलेल्या ठिकाणी धावतो. वर्गावर जाऊन राग, मैत्री, छळ, मोबाइल यांवर मुलांशी गप्पा मारायच्या, जेणेकरून बऱ्याच गोष्टी खोलीपर्यंत येणारच नाहीत, हे आमचं सगळ्यात मोलाचं काम आहे. वेळ नसला की पहिली गदा त्यावरच येते. याचा मला खरोखर त्रास होतो. पालकसभेत हा मुद्दा तुम्ही काढलात तर शाळा तो समुपदेशकापेक्षा तुमच्याकडून जास्त ऐकेल.

तर आता तुम्ही काय करायचं? मुलीला आजच सांगा की ‘तू काही चुकलीस म्हणून पाठवत नाहीयेत, बाईंना तुझी काळजी वाटली म्हणून पाठवतायत.’ ती घरी आल्यावर लगेच ‘काय झालं?’ विचारू नका. तिला सांगावंसं वाटलं की ती सांगेल. समुपदेशकाला स्वतः जाऊन भेटा आणि बिनधास्त विचारा: नोंदी कुठे ठेवता, त्या कोण वाचू शकतं, मला कधी आणि किती सांगाल, आणि तुमच्या आवाक्याबाहेरचं असेल तर कुणाकडे पाठवाल? या प्रश्नांनी चिडणारा समुपदेशक असेल तर मुख्याध्यापकांशी बोला. दोन-तीन भेटींनंतरही मुलीचं त्यांच्याशी जमत नसेल तर दुसरं कुणी आहे का ते विचारा. त्यात कुणाचा अपमान नाही, आम्हीसुद्धा असं मूल सहकाऱ्याकडे सोपवतो.

आणि घरात अलीकडे काही मोठं घडलं असेल, नोकरी गेली असेल, आजारपण असेल, भांडणं वाढली असतील, तर ते समुपदेशकाला आधीच सांगून ठेवा. म्हणजे घरचं गुपित फोडायचं ओझं तुमच्या मुलीवर पडणार नाही.