वाचक विचारतात : रेकॉर्डिंगवरून बोलण्याचा सराव कसा घ्यावा?

ऑनलाइन तासाला साठ मुले जोडलेली असली, तरी तोंड उघडायला मिळते चौघा-पाचांनाच. म्हणून मुलांनी आपल्या सवडीने मोबाइलसमोर बोलायचे, व्हिडिओ पाठवायचा आणि शिक्षकांनी तो नंतर पाहायचा, ही पद्धत पुष्कळांनी धरली आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : अकरावीच्या ६० मुलांना दर आठवड्याला दोन मिनिटांचा इंग्रजी व्हिडिओ करायला सांगते. सगळे पाहून होत नाहीत, आणि दोन महिने झाले तरी मुले होती तशीच बोलतात. कुठे चुकते आहे?
— शिक्षिका, चोपडा

उत्तर : मॅडम, आधी वेळेचा हिशेब मांडू. ६० मुले, दोन-दोन मिनिटे, म्हणजे नुसते पाहायलाच दोन तास. प्रत्येकाला दीड मिनिटाचा अभिप्राय द्यायचा म्हटले तर आणखी दीड तास. एका तुकडीपायी आठवड्याला साडेतीन तास कोणालाच परवडत नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे नेटाने चालते, मग सगळ्यांना ‘गुड, कीप इट अप’ जायला लागते, आणि आपले बोलणे कोणी ऐकलेले नाही हे मुलांना लगेच कळते.

व्हिडिओ एका मिनिटावर आणा. नवख्या मुलाच्या बहुतेक चुका पहिल्या ४०-५० सेकंदांतच कळतात, पुढे त्याच फिरून येतात. तुकडीचे पंधरा-पंधराचे चार गट पाडा. एका आठवड्यात एकाच गटाला सविस्तर अभिप्राय द्या. उरलेल्या ४५ जणांचे व्हिडिओ दीडपट वेगाने पाहून फक्त नोंद करा, आणि त्यांत वारंवार दिसलेल्या दोन चुकांवर साऱ्या वर्गासाठी तुमचा तीन मिनिटांचा एकच व्हिडिओ टाका. काम दीड तासात आटोपते. एवढे मात्र सांभाळा : वेग वाढवला की मधले थांबे आखडतात आणि अडखळणारे मूलही अस्खलित वाटू लागते. अडखळण्याबद्दल काही सांगायचे असेल, तर मूळ वेगानेच ऐका.

मुले तशीच का राहिली, याचे कारण वेगळे आहे. मूल व्हिडिओ करते, पाठवते आणि मोकळे होते. स्वतःचे बोलणे ते ऐकत नाही, आणि तोच विषय पुन्हा बोलत नाही. सराव होतो तो दुसऱ्या रेकॉर्डिंगला. पहिले रेकॉर्डिंग हा नुसता कच्चा माल आहे, असे आम्ही ठामपणे म्हणू. आठवडाभराचा क्रम असा ठेवून पाहा. सोमवारी विषय द्या. बुधवारपर्यंत पहिले रेकॉर्डिंग. मग मुलाने स्वतःच्या व्हिडिओतली कोणतीही ३० सेकंदे निवडून ती वहीत जशीच्या तशी उतरवायची, ‘अं’ आणि अर्धवट सोडलेली वाक्येसुद्धा. खाली लाल पेनाने स्वतःच दुरुस्त्या करायच्या आणि त्या पानाचा फोटो पाठवायचा. ‘ही गो’, ‘यस्टरडे आय सी’ अशा चुका बोलताना निसटतात, पण कागदावर मुलाला स्वतःलाच दिसतात. शनिवारी त्याच विषयावर दुसरे रेकॉर्डिंग, वही मिटून. ज्या ४५ जणांना तुमचा अभिप्राय मिळाला नाही, त्यांचाही आठवडा यामुळे वाया जात नाही.

अभिप्राय लिहीत बसू नका, ४०-५० सेकंदांची व्हॉइस नोट पाठवा. तीत वेळेचा उल्लेख हवा : ‘बाविसाव्या सेकंदाला तू असे म्हणालास, तिथे असे हवे.’ जमलेली एक गोष्ट नेमकी सांगा आणि सुधारायच्या दोनच. दहा चुका सांगितल्या तर मूल एकही धरत नाही. गुण द्यायचेच असतील, तर दहापैकी निदान चार पहिल्या आणि दुसऱ्या रेकॉर्डिंगमधल्या फरकाला ठेवा. मग ज्याचे इंग्रजी कच्चे आहे, त्यालाही कमवायला काही उरते.

मुले बोलतात बरी, पण फार संथ, असे असेल तर ४-३-२ ही जुनी रीत आहे. इंग्रजीचे शिक्षक कीथ मॉरिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली आणि पुढे भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लेखनामुळे ती सर्वत्र गेली. एकच विषय आधी चार मिनिटे बोलायचा, मग तीन, मग दोन. मजकूर तोच आणि वेळ कमी, त्यामुळे शब्द शोधण्यात जाणारा वेळ गळत जातो. मोबाइलवर दोन मिनिटे, दीड मिनिट, एक मिनिट असे करा आणि फक्त शेवटचे मागवा.

प्रश्न : मुले सरळ वाचून दाखवतात. काहींचा मजकूर तर मोबाइलमधल्या एआयने लिहिलेला असतो. ओळखायचे कसे आणि थांबवायचे कसे?
— क्लासचालक, धुळे

उत्तर : सर, ओळखणे सोपे आहे. डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात आणि झटकन परत येतात. आवाज एका पट्टीत राहतो. बोलणारा माणूस विचार करताना कुठेही थांबतो, वाचणारा फक्त ओळ किंवा वाक्य संपल्यावर.

दटावून हे थांबत नाही, कारण वाचण्यामागे बहुधा आळस नसतो, भीती असते. व्हिडिओ बिनचूक हवा असे वाटले की मूल आधी लिहून काढते, मग दहा-बारा वेळा रेकॉर्ड करते आणि शेवटी पाठ झालेलेच पाठवते. म्हणून आधी ‘दोनच प्रयत्न’ असा नियम करा आणि चुकांना गुण कापणे बंद करा. मुलाने पाच सुटे शब्द चिठ्ठीवर लिहावेत, सुरुवातीला ती चिठ्ठी कॅमेऱ्याला दाखवावी आणि बोलावे. वाक्य लिहायचे नाही. तयारीला एक मिनिट पुरे. परदेशी शिक्षणासाठी देतात त्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत तोंडी भागातही तेवढेच मिळते आणि त्यावर एक ते दोन मिनिटे बोलायचे असते.

विषय असे द्या की आयता मजकूर उपयोगी पडणार नाही. ‘पर्यावरणाचे महत्त्व’ दिलेत तर निबंधच येईल. ‘तुमच्या घरी भरिताची वांगी कशावर भाजतात ते क्रमाने सांगा’, ‘सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला काय दाखवाल’, ‘तुमच्या गल्लीत कानबाईच्या उत्सवाची तयारी कोण काय करते’ यांवर मुलाला स्वतःचेच बोलावे लागते. हातात वस्तू धरून बोलायला सांगितले तर आणखी चांगले, नजर कागदावर जात नाही.

तरीही शंका आली तर आरोप करू नका. त्याच व्हिडिओवर एक साधा प्रश्न पाठवा आणि ३० सेकंदांचे उत्तर व्हॉट्सअॅपच्या गोल व्हिडिओ संदेशातून मागा. तो ६० सेकंदांच्या पुढे जात नाही आणि जागेवरच रेकॉर्ड होतो, त्यामुळे घोटून तयारी करायला फारसा वाव राहत नाही.

प्रश्न : आम्ही फ्लिप वापरायचो, ते बंद झाले. गुगल फॉर्मवर व्हिडिओ मागवले तर मुले म्हणतात, ‘अपलोडच होत नाही.’ उपाय सांगा.
— उपशिक्षक, भुसावळ

उत्तर : फ्लिप म्हणजे मुलांकडून छोटे व्हिडिओ मागवण्याचे अॅप, पूर्वीचे फ्लिपग्रिड. मायक्रोसॉफ्टने ते २०१८ मध्ये घेतले, २०२२ मध्ये नाव बदलले आणि १ जुलै २०२४ पासून स्वतंत्र संकेतस्थळ व अॅप बंद केले. रेकॉर्डिंगची सोय आता त्यांच्या टीम्स या ऑनलाइन वर्ग-बैठकांच्या अॅपमध्ये आहे. शाळेची टीम्सची खाती नसतील, तर त्यामागे जाऊ नका.

फॉर्म अडतो तो दोन मर्यादांमुळे. फाइल अपलोडच्या प्रश्नात एका फाइलची कमाल मर्यादा आपोआप १० एमबी धरलेली असते, एका मिनिटाच्या व्हिडिओसाठी ती १०० एमबी करा. दुसरी मर्यादा संपूर्ण फॉर्मची, १ जीबीची. ती भरली की पुढच्या मुलांच्या फाइली घेतल्याच जात नाहीत, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन तीही वाढवा. शिवाय फाइल पाठवणाऱ्याला गुगल खात्यात साइन-इन करावेच लागते, आणि वडिलांच्या फोनवर पासवर्ड कोणालाच आठवत नाही ही अडचण नेहमीची.

या सगळ्या फाइली तुमच्याच ड्राइव्हमध्ये साठतात. ७२० पिक्सेलवर मिनिटाला साधारण ६० ते ९० एमबी लागतात, फोनप्रमाणे कमी-जास्त. ६० मुलांचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ म्हणजे ९ जीबीच्या आसपास, आणि फुकटच्या खात्यात जागा १५ जीबी. दुसऱ्याच आठवड्यात खाते भरते, ईमेल येणेही थांबते. पुसलेल्या फाइली ३० दिवस ट्रॅशमध्ये राहून जागा अडवतात, तेव्हा ट्रॅशही रिकामा करा.

साधा मार्ग असा : मुलाने व्हिडिओ तुमच्या व्हॉट्सअॅपवर वैयक्तिक पाठवावा, ग्रुपवर नव्हे. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकारात जातो. नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवला तर दाबून लहान होतो, आणि बोलणे ऐकायला तो पुरतो. सोबत ‘११ब-०७-आठवडा३’ (तुकडी, हजेरी क्रमांक, आठवडा) अशी ओळ लिहायची सवय लावा, नाहीतर शोधण्यातच वेळ जाईल. तुमच्या फोनची गॅलरी भरू नये म्हणून व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमधली मीडिया व्हिजिबिलिटी बंद ठेवा.

प्रश्न : आमच्या धडगाव भागात पाड्यांवर रेंज नसते. घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर दिवसभर बाहेर. अशा मुलांना हे जमेल का?
— आश्रमशाळेतील शिक्षक

उत्तर : सर, थेट ऑनलाइन तासापेक्षा हेच जमेल, कारण रेकॉर्डिंगला रेंज लागत नाही. आज संध्याकाळी फोन घरी आला की बोलून ठेवायचे आणि बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये गेले की पाठवायचे. त्यासाठी मुदत दोन दिवसांची न ठेवता पूर्ण आठवड्याची ठेवा, म्हणजे आठवडे बाजार तिच्यात येतोच. विषय आधीच चार आठवड्यांचे एकदम, कागदावर छापून द्या. विषय कळण्यासाठी नेट लागू नये.

फोनच मिळत नसेल तर शाळेचा एक फोन चार-पाच मुलांच्या गटाला आळीपाळीने द्या आणि एका कोपऱ्यात बोलू द्या. इथे आवाजाचे रेकॉर्डिंगसुद्धा पुरे आहे. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांना सूचना त्यांच्या बोलीत एकदा ऐकवा. निम्मे गोंधळ सूचना न कळल्यामुळेच होतात.

प्रश्न : मुलीचा चेहरा असलेला व्हिडिओ पाठवायला घरच्यांना संकोच वाटतो. क्लासवाले म्हणतात, त्याशिवाय गुण नाहीत. काय करावे?
— पालक, शहादा

उत्तर : तुमचा संकोच रास्त आहे आणि बोलण्याच्या सरावाला चेहरा लागतोच असे नाही. उच्चार आणि ओघ आवाजावरून कळतो. मुलीने फक्त हात दिसतील असा व्हिडिओ करावा : भाकरी थापताना, नकाशावर बोट फिरवताना बोलावे. क्लासला हा पर्याय द्यायला सांगा आणि तीन गोष्टी लेखी मागा : व्हिडिओ कोण पाहणार, कुठे ठेवणार, कधी पुसणार. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मूल ‘बालक’ धरले आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवतो असे कोणी म्हटले तर नकार द्या. ती लिंक ज्याच्या हाती पडेल, त्याला व्हिडिओ दिसतो.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही.
— विद्यार्थी, जळगाव

उत्तर : एका मिनिटापुरता कूलर आणि पंखा बंद कर. पहाटे किंवा सकाळी सातच्या आत रेकॉर्डिंग उरकले तर उत्तमच. दुपारी तापलेला फोन मध्येच कॅमेरा बंद करतो. फोन हातभर अंतरावर, डोळ्यांच्या उंचीला टेकवून ठेव, खिडकी समोर असू दे, पाठीमागे नको. वायरचा इअरफोन असेल तर त्याचा माइक शर्टाला घासू देऊ नको. आणि विमान मोड चालू कर, नाहीतर मध्येच फोन येऊन रेकॉर्डिंग तुटते.

प्रश्न : घरी आम्ही अहिराणी बोलतो. वर्गात माझ्या उच्चारांना हसतात, म्हणून व्हिडिओ पाठवायची हिंमत होत नाही.
— विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : ताई, अहिराणीने तुझे इंग्रजी बिघडत नाही. ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, पण इंग्रजीत ‘ण’ही नाही आणि ‘ळ’ही नाही, तेव्हा तिथे अडण्याचा प्रश्नच नाही. ‘श’चा ‘स’ होत असेल तर तेवढे पाहा, कारण ‘शी’ आणि ‘सी’ हे वेगळे शब्द आहेत. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ, ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. त्याहून महत्त्वाचा आघात : ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये तो सरकून ‘टॉ’वर येतो. आघात चुकला की ऐकणारा अडतो, बोलीच्या लहेजामुळे सहसा अडत नाही.

तुझ्या शिक्षकांनाही एक सुचवतो. पहिल्या आठवड्याचे रेकॉर्डिंग सर्वांकडून घरच्या बोलीत घ्यावे : अहिराणी, लेवा, पावरी, गुजर, जी असेल ती. जे मूल आपल्या बोलीतही कॅमेऱ्यासमोर अडखळते, त्याची अडचण इंग्रजी नसून कॅमेरा आहे, आणि त्याला व्याकरणाचे धडे देऊन उपयोग नाही. व्हिडिओ शिक्षकांना वैयक्तिकच जावेत. दुसऱ्या कोणाला दाखवायचे असतील तर ते तुला विचारून.

प्रश्न : एकट्याने कॅमेऱ्याशी बोलून संभाषण कसे येणार?
— वाचक, नंदुरबार

उत्तर : एवढ्यावर येणार नाही. समोरच्याचे ऐकून तत्काळ उत्तर देणे हे या पद्धतीत बसत नाही. थोडे जवळ जाता येते ते जोड्या लावून. पहिल्याने २० सेकंदांत एक प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने ४० सेकंदांत उत्तर देऊन शेवटी उलट प्रश्न टाकायचा, असे तीन फेऱ्या. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की संभाषण विरते, म्हणून ज्यांना फोन साधारण एकाच वेळी मिळतो अशांची जोडी लावा. आणि थेट तासातली दहा मिनिटे त्याच विषयावरच्या समोरासमोरच्या गप्पांना राखून ठेवा. आठवडाभर तो विषय दोनदा बोलून झालेला असल्याने एरवी गप्प बसणारी मुलेही तिथे तोंड उघडतात.