लॅपटॉप दुरुस्तीला टाकण्याआधी

स्क्रीन काळी, पंखा मात्र फिरतोय, आणि दुकानदार दोन मिनिटांत म्हणतो ‘मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) गेला’, तर लगेच हो म्हणू नका. आधी एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून बघा. तिथे चित्र आलं तर बोर्ड बहुधा ठीक आहे, दोष पॅनेलचा (म्हणजे स्क्रीनचा) किंवा डिस्प्ले केबलचा. तिथेही काही नाही? चार्जर काढा, मागचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा. मग रॅम (मेमरीची पट्टी) निघणारी असेल तर काढून तिचे सोनेरी पट्टे साध्या खोडरबरने पुसा, भुगा झटका आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. रॅमचा सैल कॉन्टॅक्ट हे नेहमीचं दुखणं, आणि बिल मात्र बोर्डाचं लागतं!

लॅपटॉप चालू होत असेल तर बॅकअप घ्या. टास्क मॅनेजरमधल्या रॅमच्या आकड्यांचा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या ॲपमधल्या एसएसडीच्या (डेटा साठवणाऱ्या डिस्कच्या) सिरीयल नंबरचा फोटो काढा. परत मिळाल्यावर काउंटरवरच ताडून बघा. त्याच ॲपमध्ये ‘नवीन’ एसएसडीचे पॉवर-ऑन तास (ती आजवर किती तास चालली) हजारांत दिसले तर ती वापरलेली आहे.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते उघडायचा लांबलचक आकडा, मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या. बोर्ड बदलला की विंडोज ती मागतं, आणि ती जवळ नसेल तर डेटा गेलाच समजा. पासवर्ड देऊ नका. हार्डवेअर तपासायला तो सहसा लागत नाही.

पावतीवर मॉडेल, सिरीयल नंबर, तक्रार आणि अंदाजे खर्च लिहून घ्या. काढलेला जुना पार्ट परत मागा.