तानसेन समारोहाला प्रथमच जाताना

आपण दूरचित्रवाणीवर मैफली आवडीने पाहत असाल, तर उत्तमच. परंतु तेथे कोणाकडे पाहायचे हे कॅमेरा ठरवतो, तर डिसेंबरात ग्वाल्हेरला तानसेनांच्या समाधीपाशी भरणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या समारोहात गायक, तबलजी आणि संवादिनीवादक यांच्यातील नजरानजर आपल्याला स्वतः टिपता येते. सुरुवातीला एवढेच सांभाळा:

- विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतले ख्यालगायन, सावकाश उलगडतो, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत कंटाळून उठू नका. ठेक्याच्या, म्हणजे तबल्यावर फिरून फिरून वाजणाऱ्या तालाच्या, मात्रा (ठोके) मनात मोजत राहा आणि गायक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो, तेवढेच ऐका.
- राग ओळखण्याची घाई नवखे हमखास करतात, ती सोडा.
- मोबाइलवर चित्रण नको.

रात्रीच्या सभेला शाल मात्र न्याच. इथल्या थंडीने भलेभले दर्दी मध्येच उठलेले मी पाहिले आहेत.